वही, बाड आणि पुष्पिका : हस्तलिखित नोंदींच्या पाठमूल्याविषयी काही विचार

मराठी पाठचिकित्सेत 'पोथी' या वस्तूचा जेवढा विचार झाला आहे, तेवढा 'वही'चा झालेला नाही. पोथी ही सिद्ध झालेल्या ग्रंथाची प्रत असते; ती पूजेत ठेवली जाते, तिची पारायणे होतात, आणि म्हणून ती जपलीही जाते. वही मात्र वापरण्यासाठी असते. तिच्यात भर पडते, खोडाखोड होते, एकाने सुरू केलेली वही दुसरा पुढे चालवतो, आणि काम संपले की ती माळ्यावर जाते. व्यापाऱ्याची चोपडी, कुलकर्ण्याचे दप्तर, कीर्तनकाराचे बाड, भजनी मंडळाची वही, गायनपार्टीची वही ही सारी एकाच कुळातील भावंडे. आज लेखनाचे बहुतेक व्यवहार संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर होऊ लागले असताना या कुळाचे काय होत आहे, आणि त्यात वाङ्मयाच्या अभ्यासकाचे नेमके काय गमावत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. 'जुने ते सोने' अशी भूमिका येथे नाही. वहीतील मजकूर टंकलिखित करून घेतला म्हणजे वही जतन झाली, हा जो समज सर्वत्र दृढ होत आहे, आणि ज्या समजाला प्रस्तुत लेखिकाही बळी पडली, तो तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रारंभ तुकोबांपासून करणे अपरिहार्य आहे; कारण मराठीत वहीचा प्रश्न इतक्या तीव्रतेने अन्यत्र उभा राहिलेला नाही. वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. देहू येथे 'भिजकी वही' म्हणून ओळखली जाणारी वही तुकोबांच्याच हातची आहे, अशी परंपरेची श्रद्धा आहे. शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी मुंबई सरकारच्या चोवीस हजार रुपयांच्या साहाय्याने १८६९ ते १८७३ या काळात जो गाथा सिद्ध केला, त्यासाठी त्यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील लेखी प्रती मिळवून एकमेकींशी ताडून पाहिल्या. पुढे विनायक लक्ष्मण भावे यांनी चाकणचे संताजी तेली जगनाडे यांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वह्यांच्या आधारे १९१९ व १९२० साली दोन भागांत गाथा छापला आणि त्याला 'अस्सल' असे विशेषण दिले. हे विशेषण किती ग्राह्य मानावे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. येथे त्या वादात शिरण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, हा वाद घालता येतो. आणि तो घालता येतो याचे कारण वह्या आहेत. कोणाचे अक्षर, कोणता अभंग कोणत्या अभंगाच्या शेजारी, कोठे शब्द खोडला, लेखकाने आपल्या बोलीप्रमाणे कसे लिहिले, हे प्रश्न छापील गाथ्याला विचारता येत नाहीत.

या कथेकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. बुडालेला मजकूर परत कसा आला, याची परंपरेने दिलेली उत्तरे एकाहून अधिक आहेत : नदीने वह्या परत दिल्या, लोकांच्या मुखी असलेले अभंग पुन्हा उतरवले गेले, टाळकऱ्यांच्या वह्यांत ते आधीच होते. श्रद्धेचा भाग बाजूस ठेवला तरी व्यवहाराचे एक शहाणपण यात आहे. एकाच वहीवर विसंबू नये. प्रत करावी. म्हणजे नक्कल करण्याला परंपरेचा विरोध नव्हता, उलट नकलेवरच ती जगली. आजची छायाप्रत किंवा संगणकीय प्रत ही त्या नकलांच्या मालिकेतील पुढची नक्कल होय, असे कोणी म्हटले तर ते मान्य करावे लागेल. मग बिघडले कोठे? ते पाहण्यासाठी वहीच्या घडणीकडे वळले पाहिजे.

बाड आणि पोथी यांच्यातील भेद ख्रिश्चन नोव्हेत्झके यांनी नामदेवपरंपरेवरील आपल्या २००८ च्या ग्रंथात विस्ताराने मांडला आहे. बाड हे कीर्तनकाराच्या कामाचे साधन. लांबट कागद एका टोकाशी शिवलेले, पाने वर उलटायची. आत नामदेवाचा अभंग, त्याच्याखाली कबीराचे पद, मग एखादी आख्यानातील आर्या, एखादा श्लोक, एखाद्या औषधाची कृतीही. ग्रंथ म्हणून पाहणाऱ्याला हा गोंधळ वाटेल. परंतु कीर्तनाला उभा राहणाऱ्याच्या दृष्टीने तो गोंधळ नाही. त्या पदांचा क्रम हा एका प्रयोगाचा आराखडा आहे. पूर्वरंगात काय घ्यायचे, दृष्टान्त कोणता, कोठे टाळी, कोठे गजर, हे त्या क्रमात दडलेले असते. बाडातील अभंग वेचून काढून कविवार लावले, की अभंग हाती राहतात आणि कीर्तन निघून जाते. आपल्या संशोधनसंस्थांतील सूचींत 'बाड क्रमांक अमुक' अशी नोंद येते आणि पुढे कवींची नावे येतात. त्या नोंदींतून बाडाचा हा स्वभाव क्वचितच कळतो.

येथे एका खाजगी उदाहरणाचा आधार घ्यावा लागतो. त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. चांदवड तालुक्यातील एका खेड्यात प्रस्तुत लेखिकेचे आजोळ आहे. आजोबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवीत आणि मंडळाची वही त्यांच्याकडे असे. लाल कापडी पाठीची, हिशेबाच्या वहीसारखी जाड वही. आजोबांच्या पश्चात ती मामांकडे आली. वाळवीचा उपद्रव दिसू लागला तेव्हा, 'मामा, ही सगळी टाइप करून घ्या, म्हणजे जपली जाईल,' असा सल्ला मीच दिला. मामांच्या मुलाने दोन उन्हाळी सुट्ट्या खर्चून तो मजकूर भ्रमणध्वनीवर टंकलिखित केला. काम अत्यंत प्रामाणिकपणे झाले. एक अभंग गाळला नाही. पुढच्या दिवाळीत घर रंगवायला काढले, त्या वेळी वही रद्दीत गेली. 'तुझ्या सांगण्याप्रमाणे सगळं उतरवून घेतलंय की,' असे मामा म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खरे होते.

टंकलिखित मजकूर आज माझ्यापुढे आहे. त्यातील बहुतेक सर्व अभंग कोणत्याही छापील गाथ्यात किंवा भजनी मालिकेत सापडतात. म्हणजे जे अन्यत्र होते ते आम्ही काळजीपूर्वक जपले. जे अन्यत्र कोठेही नव्हते ते गेले. त्या वहीच्या दोन पानांची छायाचित्रे योगायोगाने माझ्याकडे राहिली आहेत. एका पानावर अभंगाच्या उजवीकडे, आजोबांच्या बारीक अक्षरात, चालीसाठी एका जुन्या चित्रपटगीताचा मुखडा लिहिला आहे आणि त्याखाली ठेक्याची खूण आहे. दुसऱ्या पानावर 'पाऊस नाही. सप्ताह पाच दिवसांचा केला.' अशी नोंद असून साल १९७२ दिले आहे. महाराष्ट्रातील त्या भीषण दुष्काळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण दुष्काळामुळे हरिनामाचा सप्ताह पाच दिवसांवर आणावा लागला, ही गोष्ट मला या एका ओळीने सांगितली. त्या पानावरचे अभंग सर्व करुणेचे आहेत, धावा करणारे आहेत. निवड कोणाची, आजोबांची की मंडळाची, हे कळायला मार्ग नाही. आधीची आणि नंतरची पाने असती तर काही अनुमान करता आले असते. टंकलिखित प्रतीत हे अभंग आहेत, पण तेथे ते केवळ तुकोबांचे अभंग आहेत.

टंकलेखकाला दोष देता येत नाही. 'अभंग टाइप कर' असेच त्याला सांगितले होते. समासातल्या नोंदी त्याच्या दृष्टीने अभंग नव्हत्या. त्याने शुद्धलेखनही सुधारले. 'जाला', 'आसे', 'पांडुरंगु' अशी रूपे होती ती पडद्यावरच्या सुचवणुकीप्रमाणे 'झाला', 'असे', 'पांडुरंग' झाली. अर्वाचीन शिक्षित मुलाला ती अशुद्धे वाटणे स्वाभाविक होते. परंतु यांतील कोणती रूपे जुन्या पाठाचे अवशेष होती आणि कोणती आजोबांच्या बोलीतली, हे ठरवण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला.

जुन्या लेखनिकाच्या नकलेत आणि या नकलेत एक मूलभूत फरक आहे, आणि माझ्या मते प्रश्नाचा गाभा तोच आहे. जुना लेखनिक चुका करीत नव्हता असे नाही. पाठभेदांचे सारे रान त्यानेच माजवले आहे. परंतु काम संपवताना तो पुष्पिका लिहीत असे. शक, संवत्सर, तिथी, स्थळ, आपले नाव, कोणासाठी लिहिले ते. मूळ प्रतीत जसे पाहिले तसे उतरवले, दोष असल्यास मला देऊ नये, अशी विनंती. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून पुस्तक राखावे, अशी सूचना. पुष्पिका म्हणजे नकलेने स्वतःविषयी दिलेली जबानी होय. तिच्यामुळे नक्कल कोठे, केव्हा, कोणाच्या हातून झाली हे कळते आणि चुकांचाही माग काढता येतो. आज आषाढी जवळ आली की 'तुका म्हणे' अशी मुद्रा असलेली, तुकोबांची नसलेली कडवी भ्रमणध्वनीवरून हजारो हातांतून फिरतात. प्रक्षेप ही काही आजची गोष्ट नाही. मात्र आजच्या प्रक्षेपाला लेखनिक नाही. तो 'अग्रेषित' असतो, एवढेच त्याचे गोत्र.

या युक्तिवादाला दुसरी बाजू आहे आणि ती दुबळी नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला होऊन ग्रंथांची व हस्तलिखितांची जी नासधूस झाली, तीनंतर 'मूळ प्रत सुरक्षित आहे' असे निश्चिंतपणे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. संगणकीय प्रती असणे ही सुरक्षिततेची किमान अट आहे. शिवाय संगणकीय संग्रहातही पुष्पिका असू शकते, याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. कागदावर उतरवलेल्या त्या ओव्यांची संगणकीय सूची बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने सिद्ध झाली आणि २०१७ पासून 'पारी' या संग्रहातून त्या सर्वांना उपलब्ध होऊ लागल्या. गाणारी बाई कोण, गाव कोणते, हे तेथे ओवीबरोबर येते. लोकगीतांच्या आपल्या कित्येक छापील संग्रहांत 'एक वृद्ध स्त्री' याहून अधिक माहिती मिळत नाही, हे पाहता संगणकाने छापखान्यापेक्षा जुन्या लेखनिकाची रीत अधिक पाळली, असेच म्हणावे लागते. तेव्हा दोष साधनाचा नाही. नक्कल करताना काय 'मजकूर' मानले आणि काय टाकाऊ मानले, यात तो आहे.

मात्र साधनाच्या आयुर्मानाचा प्रश्न उरतोच. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ साली, देवनागरीचा समावेश झाला होता; तरीही मराठीतील टंकलेखन त्यानंतरही दीर्घकाळ निरनिराळ्या व्यावसायिक फाँटांमध्ये होत राहिले. त्या फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या खुणा बसवलेल्या असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर अशी फाईल उघडली की रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची निरर्थक रांग दिसते. प्रस्तुत लेखिकेच्या प्रबंधाच्या फायली आज अशाच दिसतात. परिवर्तकातून काढल्या तर जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. त्याच प्रबंधाच्या टिपणांच्या अकरा वह्या कपाटात आहेत आणि वाचता येतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीची वही वाचणारा अभ्यासक आपल्याच वीस वर्षांपूर्वीच्या फाईलपुढे निरक्षर ठरतो, हा विनोद थोडा कडवट आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यास निवर्तले. त्यांनी मागे ठेवलेल्या टिपणांवरून धातुकोशासारखे काम त्यांच्या पश्चात छापून निघू शकले. टिपणे कागदावर होती आणि धुळ्यात ती सांभाळणारी माणसे होती. यांतील दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची.

वही दुसऱ्याच्या हातची असते तेव्हा प्रश्न अधिक नाजूक होतो. बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. शेतात, घरात काम करताना त्या गात आणि चिरंजीव सोपानदेव व त्यांचे मावसबंधू ते उतरवून घेत. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांपुढे आली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली, हा इतिहास प्रत्येक विद्यार्थी परीक्षेत लिहितो. पण विद्यार्थी सहसा हे विचारत नाही की, स्वतः कवी असलेल्या लेखनिकाने लेवा बोलीतले उच्चार देवनागरीत बसवताना काय केले असेल? कोठे थांबला असेल, कोठे दोनदा लिहिले असेल? ही शंका बहिणाबाईंच्या कर्तृत्वाला बाधा आणणारी नाही. उलट त्यांचा उच्चार जिथे प्रथम कागदावर टेकला त्या जागेजवळ जाण्याची ती इच्छा आहे. अशा प्रश्नाचे उत्तर पहिल्या वहीतच मिळू शकते. कितीही सुबक आवृत्ती ते देऊ शकत नाही.

आमच्या नाशिक जिल्ह्यात याचे आणखी एक मोठे क्षेत्र पडून आहे. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांना अक्षरओळख तरुणपणी, मुंबईत कामगार म्हणून राहत असताना झाली आणि पुढे हजारो गीते त्यांनी रचली. 'वाटचाल' (१९७३), 'मोहळ' (१९७६) असे संग्रह निघाले तरी त्यांच्या गीतांचा खरा संचार छापील पुस्तकांतून झाला नाही. तो गायनपार्ट्यांच्या वह्यांतून झाला. जलशाची, भीमजयंतीची ही वही बाडाचीच आंबेडकरी बहीण आहे. गायक बदलला की कडव्यांचा क्रम बदलतो, गावाचे नाव बदलते, निवडणूक असेल तर एखादे कडवे वाढते. या वह्या ज्यांच्याकडे आहेत ती पिढी आता सत्तरीच्या पुढे आहे. वारकरी बाडांसाठी निदान संशोधनसंस्थांचे एखादे कपाट असते. या वह्यांसाठी विद्यापीठीय मराठी विभागांनी काय केले, हा प्रश्न आपण आपल्यालाच विचारावा अशी स्थिती आहे.

लेखनाच्या वहीबरोबर चित्रवहीचाही विचार व्हावयास हवा. येथे तो ओझरताच करता येईल. पेशवाईच्या अखेरच्या पर्वात पुण्याच्या गंगाराम तांबट यांनी वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. ती आज अमेरिकेत येल येथे जतन आहेत आणि लेण्यांची तत्कालीन अवस्था जाणून घेण्यास उपयोगी पडतात. चांदवडला अहिल्याबाई होळकरांच्या काळातला रंगमहाल आहे. विद्यार्थ्यांना तेथे नेले की पहिल्या पाच मिनिटांत शंभर छायाचित्रे निघतात आणि मग करायला काही उरत नाही. एका वर्षी वही-पेन्सिल देऊन प्रत्येकाला एकच कोरीव खांब काढायला बसवले. चित्रे ओबडधोबड आली. पण एका मुलीने विचारले, 'मॅडम, या खांबाच्या एका बाजूच्या पाकळ्या कमी का आहेत?' ते तोवर माझ्याही लक्षात आले नव्हते. चित्र काढणाऱ्याला पाकळ्या मोजाव्या लागतात. हस्तलिखिताची नक्कल करणाऱ्यालाही मात्रा मोजाव्या लागतात. दोन्ही कृतींतील हा सावकाशपणा पाठचिकित्सेच्या शिक्षणात फार मोलाचा आहे, असे माझे मत झाले आहे.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेसाठीच दिला आहे. तो आजही जतनाची नियमावली म्हणून वाचावा असा आहे. अक्षर वाटोळे व मोकळे असावे, आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे. तरुणपणी हौसेने बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येत नाही. पानाभोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर वाचते. वस्तूचा ऱ्हास होणारच हे गृहीत धरून केलेला हा विचार आहे. चांदवडहून आग्रा रस्त्याने निघाले की मालेगावनंतर धुळे लागते. तेथील समर्थ वाग्देवता मंदिरात शंकरराव देव यांनी जमवलेली रामदासी बाडे आहेत. समास का सोडायचा हे विद्यार्थ्यांना शब्दांनी समजावत बसण्यापेक्षा ती पाने दाखवावीत.

या साऱ्यातून आमच्या महाविद्यालयापुरती एक रीत आम्ही सुरू केली आहे. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या किंवा शेजारच्या घरातील एक वही शोधावी; ओवी, भुलाबाईची गाणी, भजन, हिशेब, काहीही चालेल. तिची छायाचित्रे घ्यावीत ती वेष्टनापासून मलपृष्ठापर्यंत, कोणतेही पान न गाळता. मजकूर उतरवताना शुद्धलेखन सुधारू नये. समासातील नोंदी, खोडलेले शब्द, वेगळी शाई, वेगळा हात यांची नोंद करावी. शेवटी स्वतःची पुष्पिका लिहावी : कोणी, कोठे, कोणत्या तारखेस, कोणाच्या घरी, कोणाच्या परवानगीने. आणि वही घरच्यांकडे परत देताना ती ठेवण्यासाठी सुती कापड द्यावे. ही शेवटची अट विद्यार्थ्यांना प्रथम हास्यास्पद वाटते. परंतु कापडात बांधून आलेली वस्तू रद्दीत टाकण्यापूर्वी घरची माणसे एकदा तरी विचार करतात, असा आमचा अनुभव आहे.

मागच्या पौषात आजोळी गेले असता कळले की, भजनी मंडळाची एक दुसरी वही वीणेकऱ्यांच्या घरी आहे. त्यांच्या सूनबाईंनी ती डब्यातून काढून दिली. अक्षर वेगळे आहे, काही अभंग तेच आहेत, क्रम निराळा आहे. १९७२ सालचे पान मी आधी शोधले. ते नाही, त्या जागी तीन पाने कोरी सोडली आहेत आणि पुढे १९७४ पासून लेखन पुन्हा सुरू होते. त्या कोऱ्या पानांचीही छायाचित्रे आम्ही घेतली.